एकाच पोत्यातल्या शंभर पोटल्या

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आवाज यायचा. नाण्यांसारखा खणखणीत नाही; कोरडा, बोदा. गणित विभागाच्या जिन्यावर तो ऐकू आला की मुलं म्हणायची, "चिंचोके सर आले." खिशात सहा चिंचोके असत. दगडावर घासून अर्धे केलेले, एका अंगानं पांढरे, एका अंगानं तपकिरी. लहानपणी आपण ज्यांनी सारीपाट खेळायचो, तसले. बेचाळीस वर्षांचा हा माणूस ते खिशात घालून नांदेडला एम.फिल.चा प्रबंध लिहायला येत असे, आणि विषय होता संगणकीय वित्तगणित.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनीच नको म्हटलं आहे. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. सतरा वर्षांपूर्वी मी त्यांचा मार्गदर्शक होतो, आणि भरल्या खोलीत मी त्यांच्या एका वाक्याचा अर्थ मुद्दाम चुकीचा सांगितला. त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. पण वाक्य कळायला आधी माणूस कळावा लागेल.

ते मुरुडचे. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात तोही नाही. संस्थेनं सांगितलं होतं, एम.फिल. करा, पुढच्या वर्षी जागा निघतेय, कायम करून टाकू. म्हणून दर शनिवारी पहिल्या एसटीनं निघून साडेदहापर्यंत ते माझ्या खोलीत हजर व्हायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि जाड वही. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती चटणी विभागातल्या शिपायापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना चाखायला लावत, आणि कुणी "तिखट आहे" म्हटलं की खुश होत.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "विषय काय घेणार?"

"मंदीचा नजराणा काढायचाय सर."

मी न कळल्यासारखा चेहरा केला. "पुट ऑप्शनचा प्रीमियम म्हणायचंय का तुम्हाला?"

"हाव. पुस्तकात तसं लिवलंय. पण आमच्या मोंढ्यात जुने लोक मंदीच म्हणतात. पुस्तक लिवणाऱ्याच्या आजाच्या आधीपासून म्हणून राहिलेत."

मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. पुढच्या महिन्यात अमुक भावानं माल विकण्याचा हक्क आज विकत घ्यायचा. भाव पडला तर हक्क वापरायचा, चढला तर सोडून द्यायचा. अशा हक्काला जुने व्यापारी 'मंदी' म्हणत, उलट खरेदीच्या हक्काला 'तेजी', आणि हक्काच्या किमतीला 'नजराणा'. जगभरातल्या विद्यापीठांत ज्या किमतीसाठी मोठमोठी समीकरणं मांडतात, ती हीच.

मला हे सगळं त्यांच्याइतकंच माहीत होतं. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पोती तोलली. विभागात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर "वडील व्यापारात होते," असं मी सांगायचो. नांदेडला नोकरी लागल्यावर मी माझ्या बोलण्यातलं 'हाव' आणि 'लई' खरवडून काढलं होतं. त्यामुळे हा माणूस माझ्या खोलीत मोठ्यानं 'मोंढा' म्हणाला की माझी नजर आधी दाराकडे जायची.

त्यांच्या वहीइतकी करमणूक मला कुठल्याच विद्यार्थ्याच्या वहीनं दिली नाही. पाठ्यपुस्तकात वाक्य असे : समजा, बाजारात व्यवहाराला काहीही खर्च येत नाही. वहीत शेजारी लाल शाईनं, 'कुठल्या बाजारात?' पुढचं वाक्य : समजा, हवा तेवढा माल हव्या त्या क्षणी विकता येतो. त्याच्याशेजारी, 'अमावास्येला मोंढा बंद असतो.'

"अहो सर," मी म्हणायचो, "गणितात गृहीत धरावं लागतं."

"धरतो की. धरलेलं हाय हे वाचणाऱ्याला कळू द्या, एवढंच म्हणून राहिलो."

चुकीला ते 'चूक' म्हणत नसत, 'खोट' म्हणत. दाण्यात खोट असते तशी. "तिसऱ्या ओळीत खोट हाय सर," असं म्हणून फळ्याकडे बोट करायचे. ती बहुधा असायचीच. आणि स्वतःचं लिखाण ते स्वतःच तपासायचे. प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण संपलं की खाली उजव्या कोपऱ्यात दहापैकी गुण. पहिल्याला सहा, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला सात. "सात का?" मी विचारलं. "समजलं तेवढंच लिवलंय, पण अक्षर चांगलं आलंय." चौथ्या प्रकरणाला त्यांनी तीनच दिले होते. मी म्हटलं, परीक्षकाच्या हाती जाणाऱ्या प्रतीत हे शोभत नाही, खोडा. त्यांनी टंकलिखित प्रतीतून खोडलं, स्वतःच्या हस्तलिखितात ठेवलं.

त्यांचा प्रश्न असा होता. शेतकरी सगळा माल एकाच दिवशी विकत नाही. थोडा आज, थोडा पुढच्या आठवड्यात. म्हणून त्याला एका दिवसाच्या भावावरची नाही, महिन्यातल्या वीस बाजारदिवसांच्या सरासरी भावावरची मंदी हवी. अशा मंदीचा नजराणा किती? याला तयार सूत्र नाही. संगणकाला हजारो काल्पनिक महिने खेळायला लावायचे, प्रत्येक महिन्यात भाव नशिबानं वरखाली होऊ द्यायचा, आणि शेवटी सगळ्याची सरासरी काढायची. अशा एका काल्पनिक महिन्याला आम्ही फेरी म्हणायचो.

त्यासाठी विभागात एक प्रोग्रॅम होता. तो मी लिहिला होता. त्यावरचा माझा शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला होता, आणि त्याची चौकट करून मी खोलीत लावली होती. त्या निबंधातलं सगळ्यांत अभिमानाचं वाक्य असं : दहा हजार फेऱ्या घ्या किंवा वीस हजार, उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत हलत नाही. इतकं स्थिर उत्तर पाहून मला शंका यायला हवी होती. मला अभिमान आला. मूळ प्रोग्रॅम मी कुणाला उघडून बघू देत नसे. मुलांनी आकडे घालायचे आणि उत्तर घ्यायचं.

चिंचोके सरांनी उत्तर घेतलं, आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात फरशीवर फतकल मारून चिंचोके टाकायला बसले.

"मशीन आहे की समोर," मी म्हटलं.

"मशीन दान टाकतंय कुठून ते दिसत न्हाई सर. हे दिसतं."

सहा चिंचोक्यांत पांढरी तोंडं जास्त आली तर त्या दिवशीचा भाव वर, तपकिरी जास्त आली तर खाली, सारखी आली तर आहे तिथंच. वीस वेळा टाकलं की एक फेरी पूर्ण. वर्षभरात त्यांनी अशा चारशे फेऱ्या केल्या. लातूरला कॉलेज सुरू व्हायच्या आधी रोज एक-दोन, शनिवारी नांदेडला चार. प्रत्येक दान वहीत. मुलं त्यांच्याभोवती उभी राहून "सर, माझ्या नशिबाचं पण एक टाका" म्हणायची. ते चिडत नसत. टाकायचे आणि सांगायचे, "पांढरे दोन. पुढल्या वर्षी परीक्षेला बस."

एकदा त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुम्ही पोटलीचा सौदा पाह्यलाय का?"

"नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मोंढ्यात सकाळी निरनिराळ्या पोत्यांतून मूठ-मूठ माल काढून कापडाच्या पोटल्यांत बांधतात. खरेदीदार पोटली सोडतो, दाणा हातावर घेतो, दाताखाली धरतो, आणि त्यावरून दिवसाचा भाव फुटतो. "तुमच्या फेऱ्या म्हंजे पोटल्याच की सर. सगळं पोतं कुणी उपसत न्हाई. दहा ठिकाणची मूठ पाहायची आन् भाव बोलायचा."

मी मान डोलावली, जणू पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मी दहा वर्षांचा असतानाची सकाळ होती. एका आडत्यानं ढिगातल्या एका चांगल्या पोत्यातून सगळ्या पोटल्या भरल्या होत्या आणि बाकीचा माल भिजलेला होता. वडील काटा लावायला उभे होते. त्यांनी दोन पोटल्या सोडून दाणे शेजारी-शेजारी धरले आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्या सगळ्या एकाच पोत्यातल्या पोटल्या हायत." एवढंच. सौदा थांबला. त्या आडत्यानं वडिलांना वर्षभर काम दिलं नाही. मोंढ्यात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

प्रबंधाचं पाचवं, शेवटचं प्रकरण त्यांनी मुदतीच्या दिवशी आणून दिलं. मला दुपारी बैठक होती. प्रोफेसरपदासाठी माझी मुलाखत दोन महिन्यांवर आली होती, आणि तो चौकटीतला निबंध हाच माझा मोठा आधार होता. "वाचून घ्या सर," ते म्हणाले, "जरा येगळं हाय." मी म्हटलं, "तुमच्यावर विश्वास आहे," आणि न वाचता सही केली. हस्तलिखितातल्या त्या प्रकरणाखाली गुणांची जागा मोकळी होती. "हे मार्क तोंडी परीक्षेनंतर," ते हसून म्हणाले.

तोंडी परीक्षेला परीक्षक हैदराबादहून आले. मोठा माणूस, चांगला माणूस, पण पहिली दोन प्रकरणं आणि शेवटचं पान एवढंच वाचून आलेला. हे मला त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. विभागातली सगळी मंडळी बसली होती. चिंचोके सर नवा पांढरा सदरा घालून आले होते, आणि कुणीतरी सांगितल्यामुळे असेल, इंग्रजीत बोलण्याचा प्रयत्न करत होते. घामाघूम झाले होते.

परीक्षकांनी शेवटचं पान उघडलं. निष्कर्षाच्या जागी दोन आकडे होते आणि त्यांच्याखाली अवतरणात एक वाक्य. प्रबंध इंग्रजीत, पण ते वाक्य मराठीत, देवनागरीत. त्यांनी विचारलं, हे काय आहे?

सर मराठीवर आले. हायसं वाटल्यासारखं मोकळं बोलले. "साहेब, हा प्रोग्रॅम शंभर फेऱ्यांना चालवला तर उत्तर छत्तीस पूर्णांक चारशे अठरा. दहा हजार फेऱ्यांना चालवला तरी छत्तीस पूर्णांक चारशे अठरा. माझे चिंचोके दर शंभर फेऱ्यांना हलतात, मशीन हलतच न्हाई. ह्या शंभर पोटल्या एकाच पोत्यातल्या हायत."

मला त्याच क्षणी कळलं. संगणकाचे नशिबाचे आकडे एका मूळ आकड्यापासून निघतात. त्याला आमच्यातही 'बी' म्हणतात, आणि ते सुरुवातीला एकदाच पेरायचं असतं. माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळ मला डोळ्यांपुढे दिसली. ती जिथं असायला हवी त्याच्या खाली पडली होती. दर शंभर फेऱ्यांनी तेच बी पुन्हा पेरलं जात होतं. दहा हजार फेऱ्या नव्हत्याच. शंभरच होत्या, शंभर वेळा मोजलेल्या. माझं ते स्थिर उत्तर, चौकटीतला निबंध, सगळं एका पोत्यातलं होतं.

परीक्षकांना मराठी तुटकच कळत होतं. ते माझ्याकडे वळले. "एक बोरी, सौ पोटली... मतलब क्या हुआ इसका?"

सर माझ्याकडे बघत होते. मी सांगेन याची त्यांना खात्री होती.

मी म्हणालो, "कुछ नहीं साहब, गाँव की कहावत है."

कुणीतरी हसलं. सर गडबडले. "न्हाई न्हाई, म्हण न्हाई साहेब, दाखवतो," म्हणत त्यांनी खिशात हात घातला आणि चिंचोके टेबलावर टाकले. एक घरंगळत परीक्षकांच्या खुर्चीखाली गेला. सर तो काढायला वाकले, आणि खोलीभर हशा पिकला. मी घड्याळाकडे पाहून म्हणालो, "बस सर, वेळ झाला."

निकाल असा लागला : पाचवं प्रकरण शास्त्रीय नाही, ते वगळून तीन महिन्यांत प्रबंध पुन्हा सादर करावा. शिफारशीचा तो कागद माझ्या अक्षरात आहे.

दुसऱ्या शनिवारी ते आले. डबा नव्हता आणला. "सर, ते प्रकरण काढलं तर उरतंय काय?"

"पदवी उरते," मी म्हणालो. "नोकरी कायम होईल. पुढे काय लिहायचं ते लिहा."

"माल काढून रिकामं पोतं विकायला सांगून राहिलात, सर."

अजून वेळ होता. खरं सांगणारं एक वाक्य मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मुलाखतीला चार दिवस राहिले होते. मी म्हणालो, "विचार करा." मला वाटलं, रागावतील. त्यांनी नमस्कार केला आणि गेले. जिन्यावरून आवाज आला नाही. खिसा रिकामा असावा.

तीन महिन्यांत त्यांनी काहीही सादर केलं नाही. संस्थेची जागा दुसऱ्याला मिळाली. मी प्रोफेसर झालो.

इथपर्यंत कुणी म्हणेल, घाबरला माणूस, होतं असं. पुढचं ऐका. मुलाखत झाल्यावर महिन्याभरानं मी खोलीचं दार लावून प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ दोन बोटांच्या कामानं वर नेली. पुन्हा चालवला. उत्तर आलं एक्केचाळीसच्या जरा वर. सरांच्या चारशे फेऱ्यांचं उत्तरही एक्केचाळीसच्या जवळचं होतं. चारशे फेऱ्यांना इतकं जवळ येण्यात नशिबाचाही भाग होता, हे गणित शिकवणारा म्हणून मला सांगायला हवं. पण हलण्या-न हलण्याचा त्यांचा मुद्दा नशिबाचा नव्हता. मी दुसरा निबंध लिहिला : 'सुधारित पद्धत'. चूक कुणाला सापडली, कशी सापडली, एक अक्षर नाही. तोही छापून आला. त्याची चौकट केली नाही, एवढीच काय ती लाज मला होती.

मी निवृत्त झालो. पत्नी वारली. वर्षं गेली. त्यांची आठवण यायचीच असं नाही; यायला लागली की मी उठून दुसरं काहीतरी करायचो.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एक मुलगी घरी आली. आमच्याच विभागात एम.एस्सी.चा प्रबंध करणारी, लातूरची, याच विषयावर. तिच्या हातात माझे दोन्ही निबंध होते.

"सर, पहिल्यात छत्तीस आहे, दुसऱ्यात एक्केचाळीस. आकडे तेच, मग उत्तर का बदललं? दुसऱ्या निबंधात कारणच दिलेलं नाही."

मी म्हणालो, जुनं आहे, बघून सांगतो. चहा ठेवला. विषय बदलायचा म्हणून विचारलं, गणिताची गोडी कुणी लावली?

तिनं एका क्लासचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, "आमचे मुरुडचे सर होते. लई भारी... म्हणजे, छान शिकवायचे. पण एका बाबतीत फार कडक. पेपरात एक जरी गावाकडचा शब्द आला की अर्धे मार्क कापायचे. म्हणायचे, मोंढ्याची भाषा मोंढ्यात. मी शहाण्या लोकांपुढं एक वाक्य गावच्या भाषेत बोललो, ते कुणालाच कळलं नाही, आणि माझं वाटोळं झालं. प्रत्येक बॅचला हे सांगायचे. आम्ही पाठ केलं होतं." ती हसत होती. मी कप खाली ठेवला.

इतकी वर्षं मी समजत होतो, त्या माणसानं माझा तिरस्कार केला असेल. तो तर स्वतःच्या भाषेला दोष देत होता. आणि पोरांच्या तोंडून ती खरवडून काढत होता, जशी मी माझ्या तोंडून काढली होती.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. एक प्रत नियतकालिकाला, एक विभागाला, एक त्या मुलीला. चूक काय होती, ती कुणी दाखवली, कशी दाखवली. प्रती पाठवायच्या आधी पत्र घेऊन रविवारी मुरुडला गेलो.

ते ओट्यावर बसून पेपर तपासत होते. केस पांढरे झालेले, अंगात सदरा तोच असावा इतका तसाच. मला पाहून उभे राहिले. "या सर, या. आपण बसनं आलात का? प्रवासाचा त्रास झाला असेल."

आपण. प्रवास. त्रास. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शुद्ध, स्वच्छ मराठी, इस्त्री केल्यासारखी.

"चिंचोके?" मी विचारलं.

"छे. आता मुलांच्या मोबाइलमध्ये सगळं असतं सर. त्याची आवश्यकता भासत नाही."

मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा बदलला आणि उत्तरपत्रिका वाचावी तसं ओळीवर पेन ठेवत वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "चांगलं केलंत. माझं नाव मात्र नको. लोक विचारतील, इतकी वर्षं हा कुठं होता. मला ते सांगत बसणं जमणार नाही."

मी हो म्हणालो.

"एक विचारू का सर? पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात आपण लिहिलंय, त्या वेळी त्या वाक्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. मी नेहमी हेच धरून चाललो. आपण विद्यापीठातले, शहरात राहिलेले. पोटली वगैरे आपल्याला कुठून माहीत असणार. मी तेव्हा 'सॅम्पल' म्हणायला हवं होतं. दोष माझाच होता. बरोबर ना?"

पत्र त्यांच्या हातात होतं. ते वाक्य मीच घातलं होतं. सगळं कबूल करणाऱ्या पत्रात एवढी एक पोटली मी लपवून ठेवली होती. "बरोबर" म्हटलं असतं तर ते हसले असते, चहा झाला असता, आणि मी चार वाजताच्या एसटीनं घरी गेलो असतो.

मी म्हणालो, "माझे वडील लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते."

त्यांना लगेच कळलं नाही. पेन हातात तसंच राहिलं. मग ते हळूहळू कळत गेलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ते पाहणं माझ्या नशिबी यायलाच हवं होतं.

"म्हणजे..."

"कळलं होतं. तुम्ही बोललात त्याच क्षणी. पूर्ण."

ते उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, आता येणार नाहीत. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी पाणी ओतत होतं. ते आले ते हस्तलिखित घेऊन. कडा पिवळ्या पडलेल्या. पाचवं प्रकरण उघडलं, शेवटचं पान. दोन आकडे, त्यांच्याखाली ते वाक्य. उजव्या कोपऱ्यात, जी जागा त्यांनी तोंडी परीक्षेसाठी मोकळी ठेवली होती, तिथं लाल शाईत एक मोठं शून्य होतं.

त्यांनी त्या शून्याच्या डावीकडे एकाचा आकडा काढला. घाई न करता, वळणदार.

"म्हंजे वाक्य बरोबर व्हतं," ते म्हणाले. मला नाही, पानाला.

मग त्यांनी माझं पत्र उचललं, माझ्या पुढ्यात ठेवलं, आणि तेच लाल पेन माझ्या हातात दिलं.

"सर, दुसऱ्या परिच्छेदात खोट हाय."